गिरकीतून परतणारे विमान

विमानाचा पंख समोरच्या हवेला जितका तिरका भिडेल तितकी उचल जास्त, पण हे एका मर्यादेपर्यंतच. बहुतेक पंखांच्या बाबतीत साधारण पंधरा अंशांच्या पुढे वरची हवा पंखाला चिकटून वाहू शकत नाही. ती सुटते, उचल ढासळते आणि विमान खचते. हा स्टॉल. त्यात इंजिन उत्तम चालू असते. बिघडतो तो पंख आणि हवा यांचा मेळ.

दोन्ही पंख सारखेच स्टॉल झाले तर नाक खाली जाते, वेग येतो आणि विमान सावरते. पण त्याच वेळी उभ्या शेपटीवरच्या रडरमुळे विमान एका बाजूला वळत असेल, तर एक पंख आधी खचतो. खाली जाणाऱ्या या पंखाला हवा आणखी मोठ्या कोनात भिडते, म्हणून तो अधिकच स्टॉल होतो. वर जाणाऱ्या पंखाचा कोन घटतो आणि त्याची उचल बरीच टिकते. या फरकाने विमान फिरते आणि फिरण्यानेच फरक कायम राहतो. मळसूत्री वाटेने खाली येणारी ही गिरकी म्हणजे स्पिन. तिच्यात वेग फारसा वाढत नाही, उंची मात्र झपाट्याने जाते.

1912 मध्ये ब्रिटिश वैमानिक विल्फ्रेड पार्क स्पिनमधून सुखरूप सुटला, तो गिरकीच्या उलट बाजूचे रडर दाबून. आजची पद्धतही त्याच पायावर उभी आहे: थ्रॉटल मागे, पंखांवरचे एलेरॉन मध्यावर, गिरकीच्या विरुद्ध पूर्ण रडर, मग स्टिक पुढे, फिरणे थांबले की रडर सरळ करून अलगद वर. सांगायला हे सोपे आहे. समोर जमीन गरगरत असताना हात स्टिक मागेच ओढू पाहतो, आणि त्याने स्टॉल आणखी घट्ट होतो. हातांची ही ओढ पुस्तक वाचून मोडत नाही. म्हणूनच प्रशिक्षण विमानाला मुद्दाम स्पिनमध्ये जाता आले पाहिजे आणि ठरल्या कृतीला दर वेळी तसाच प्रतिसाद देऊन त्यातून बाहेर येता आले पाहिजे.

जेट विमानात हे अवघड होते. त्याचे बरेचसे वजन पंखांपेक्षा लांबट धडात पसरलेले असते. विमान गरगरू लागले की नाक आणि शेपूट बाहेर फेकली जातात आणि गिरकी आडवी, चपटी होऊ पाहते. अशा वेळी आडव्या शेपटीमागची विस्कळीत हवा रडरवर आली, तर ऐन गरजेला रडर निकामी ठरते. शेपटीची जागा थोडी चुकली, तरी त्याची किंमत मोठी असते.

भारतीय हवाई दलाच्या जेट प्रशिक्षणाचा भार दीर्घकाळ ‘किरण’ने वाहिला. हिंदुस्तान एरोनॉटिक्समध्ये डॉ. विष्णु माधव घाटगे यांच्या नेतृत्वाखाली आकाराला आलेले हे विमान 1964 मध्ये पहिल्यांदा उडाले. त्याची जागा घेण्यासाठी आखलेल्या ‘सितारा’चे पहिले उड्डाण 7 मार्च 2003 रोजी बंगळूरला झाले. पुढची वाट मात्र खडतर निघाली. इंजिन बदलले, अपघात झाले, आणि शेवटी सारे अडले ते स्पिनपाशी. 2016 मध्ये चाचण्या थांबल्या. अभियंत्यांनी उभी शेपटी मागे सरकवली आणि रडरचा पृष्ठभाग वाढवला. तयार विमानाची शेपटी हलवणे म्हणजे मागच्या धडाची रचना, वजनाचा तोल आणि आधीची बरीच गणिते नव्याने मांडणे. हा निर्णय धैर्याचाच म्हणायला हवा.

बदललेले विमान एप्रिल 2019 मध्ये उडाले आणि 2020 च्या अखेरीस स्पिनच्या चाचण्या पुन्हा सुरू झाल्या. त्यासाठी शेपटीशी खास पॅराशूट बसवले होते. नेहमीचे उपाय हरले, तर ते उघडून शेपूट ओढून धरायची, नाक खाली आणायचे आणि मग पॅराशूट सोडून द्यायचे. चाचण्या टप्प्याटप्प्याने पुढे गेल्या. पहिल्या एक-दोन फेऱ्यांत विमान अजून स्पिनमध्ये शिरतच असते. गिरकी स्थिरावते ती त्यानंतर, आणि खरी परीक्षा तिथून परतण्याची. शिवाय बांधणीतल्या बारीक असमानतेमुळे आणि फिरत्या इंजिनाच्या परिणामामुळे एकच विमान डावीकडे एक आणि उजवीकडे दुसरेच वागू शकते. ‘सितारा’ने डाव्या आणि उजव्या अशा दोन्ही बाजूंना सहा-सहा फेऱ्यांचा स्पिन करून दाखवल्याची घोषणा जानेवारी 2022 मध्ये झाली.