पैज, फांसा आणि जोखीम : कांहीं इंग्रजी शब्दांचीं कुळें

“यंदा चान्स आहे”, “उगाच रिस्क घेऊं नये” असे बोल आतां मराठी घरांतही सहज कानीं पडतात. बोलणाराला हे शब्द एकाच माळेचे मणी वाटतात. परंतु ज्या इंग्रजी भाषेंतून ते आले, तेथें त्यांचीं कुळें निरनिराळीं आहेत. एक फांशाचें, दुसरें वचनाचें आणि तिसरें व्यापाराचें. हा भेद ध्यानांत आला म्हणजे शब्दच काय, पण व्यवहारही अधिक स्पष्ट दिसूं लागतो.

प्रथम फांशाचें कुळ. ‘चान्स’ हा शब्द ‘पडणें’ या अर्थाच्या लॅटिन धातूपासून निघाला व जुन्या फ्रेंचमार्फत इंग्रजींत आला. मराठींतही ‘दान पडतें’ असेंच म्हणतात. जें पडेल तें घ्यावयाचें. खेळणाराचें कर्तृत्व त्यांत नाहीं. ‘हॅझर्ड’ म्हणजे आज धोका. पण मध्ययुगांत तें फांशांच्या एका खेळाचें नांव होतें. चौदाव्या शतकांतील इंग्रज कवि चॉसर यानें ‘कॅंटरबरी टेल्स’मध्यें एका पात्राच्या मुखानें या खेळाची निंदा करविली आहे. हा शब्द मुळांत अरबींतील फांशाच्या नांवावरून आला असावा, असें अनेक पंडित मानतात. ‘जेपर्डी’ म्हणजे संकट. तोही जुन्या फ्रेंचांतील ‘समसमान वांटलेला डाव’ या अर्थाच्या शब्दांपासून झाला. खेळाचें नांव संकटाला मिळावें, यांतच त्या खेळाच्या परिणामाची साक्ष आहे.

दुसरें कुळ वचनाचें. ‘वेजर’ म्हणजे पैज. तिच्या मुळाशीं तारण किंवा हमी असा अर्थ आहे. मजुरीवाचक ‘वेज’, विवाहवाचक ‘वेडिंग’ आणि गहाणवाचक ‘मॉर्गेज’ या शब्दांतील ‘गेज’, हे सारे त्याच जर्मानिक मुळाचे फांटे होत. मराठींतील ‘पैज’ हा शब्दही संस्कृत ‘प्रतिज्ञा’ या शब्दाचेंच झिजलेलें रूप आहे. दोन दूरच्या भाषांनीं एकच गोष्ट सांगितली : पैजेंत प्रथम पणाला लागतो तो शब्द, पैसा मागाहून येतो.

तिसरें कुळ ‘रिस्क’चें, म्हणजे जोखमीचें. हा शब्द सतराव्या शतकांत इटालियन व फ्रेंच भाषांतून इंग्रजींत आला. व्यापारी आपला माल गलबतांत भरून पाठवी, तेव्हां वादळाचें भय त्यानें निर्माण केलेलें नसे. तें अगोदरच होतें. विम्यानें तें अनेकांत वांटलें जाई. जुगारी मात्र नसलेलें संकट स्वतः निर्माण करतो. हा भेद अठराव्या शतकांत इंग्लंडांत पुसट झाला. परक्या माणसांच्या आयुष्यावर विमे उतरवून लोक त्यांच्या मरणावर पैजा लावूं लागले. शेवटीं १७७४ सालीं पार्लमेंटनें कायदा करून, ज्याचा हितसंबंध नाहीं त्याला असा विमा उतरविण्याची मनाई केली. भारतांतही १८७२ च्या करार-कायद्याचें ३० वें कलम पैजेचा करार निरर्थक ठरवितें.

मृगाच्या भरंवशावर पेरणी करणाऱ्या शेतकऱ्याला लोक कधीं कधीं जुगारी म्हणतात; तें यथार्थ नव्हे. तो जोखीम पतकरतो, कारण तिच्यावांचून धान्य नाहीं. उलट आठवड्याची मजुरी शर्यतीच्या घोड्यावर लावणारा मनुष्य ‘चान्स घेतला’ एवढेंच म्हणतो. परंतु ‘वेज’ आणि ‘वेडिंग’ हीं एकाच मुळाचीं भावंडें आहेत. ती मजुरी घरच्या माणसांना दिलेल्या वचनाचें तारण असते, आणि घोडा हरला म्हणजे तेंच बुडतें.