नांदुऱ्याजवळचं जंगलाचं बेट

बेट म्हटलं की समुद्र डोळ्यांपुढे येतो. रशियाच्या पूर्व टोकाचं साखालिन असंच थंडगार, जंगलांनी भरलेलं. हिवाळ्यात तिथला अरुंद समुद्र गोठतो आणि बर्फावरून पायी पलीकडे जाता येतं.

पण मैत्रिणींनो, बुलढाणा जिल्ह्यातल्या नांदुऱ्याच्या दक्षिणेला, अजिंठ्याच्या डोंगरांतही एक बेट आहे बरं का! ते म्हणजे ज्ञानगंगा अभयारण्य, सुमारे २०५ चौरस किलोमीटरचं. आत साग, सालई, अस्वलं, बिबटे; भोवती समुद्र आहे तो कपाशी-सोयाबीनचा.

२०१९ साली यवतमाळकडच्या टिपेश्वरहून एक तरुण वाघ शेतं, नाले, रस्ते ओलांडत सुमारे १३०० किलोमीटर चालून इथे पोचला. गळ्यातल्या रेडिओ-पट्ट्यामुळे त्याची वाट कळली. इथे वाघीण मात्र नव्हती! जाण्यायेण्याची वाट नसेल, तर बेटावर आलेला जीव असा एकटा पडतो.

आपल्याकडे काही समुद्र गोठत नाही. जनावरांना आडोसा देणारा आपला पूल म्हणजे नाल्याकाठची झुडपं आणि धुऱ्यावरचे बाभूळ-पळस. उन्हाळ्यात धुरे पेटवण्याआधी, सरपण तोडण्याआधी एवढं ध्यानात असू द्या. आणि घरच्या कारभाऱ्यांच्याही कानावर घाला!