टाकावरील कुलदैवताचे मुख

शारदीय नवरात्राची चाहूल लागताच घरोघरी देव उजळण्याची लगबग सुरू होते. एकदा घट बसले, की अनेक कुळांत नऊ दिवस देव जागचे हलवीत नाहीत. म्हणून घटस्थापनेपूर्वीच टाक व निरांजने लखलखीत व्हावीत, अशी गृहिणीची ओढ असते. ‘जालना सोने का पालना’ अशी या नगरीची जुनी ख्याती. इ.स. १७२५ मध्ये निजामुल्मुल्क असफजाहाच्या आज्ञेवरून येथे बांधल्या गेलेल्या मस्तगडाच्या सावलीतील देवघर असो वा अंबडच्या मत्स्योदरीच्या वाटेवरील, पिढ्यान्‌पिढ्या पूजेत असलेले रुप्याचे टाक हेच त्याचे खरे धन होय.

सोन्याला काळिमा शिवत नाही. रुप्याचे तसे नाही. हवेतील हायड्रोजन सल्फाइड वायूमधील गंधकाशी त्याचा संयोग होऊन पृष्ठावर सिल्व्हर सल्फाइडचा काळा थर चढतो. त्या थरात रुपे नष्ट झालेले नसते, केवळ बद्ध झालेले असते. राखेने वा भुकटीने घासल्यास थरासवे तेही झिजून जाते. आम्ल आणि थायोयुरिया असलेली बाजारातील द्रावणे काळिमा क्षणात विरघळवितात. परंतु त्यातील रुपेही पाण्याबरोबर वाहून जाते. टाक म्हणजे पातळ पत्र्यावर उठविलेली मूर्ती! दरवर्षीच्या घासण्याने देवीचे नेत्र आणि खंडोबाच्या घोड्याचा लगाम पुसट होत जातात.

यावर रसायनशास्त्राने सौम्य उपाय दिला आहे. अॅल्युमिनियमच्या पातेल्यात कढत पाणी घेऊन त्यात खाण्याचा सोडा घालावा आणि टाक पातेल्याच्या तळाला टेकतील असे ठेवावेत. अॅल्युमिनियम स्वतः झिजते, रुप्याला गंधकाच्या बंधनातून सोडविते, आणि थरातील रुपे पुनश्च धातुरूप पावते. या वेळी उग्र दर्प येतो. खिडकी उघडी असावी. काही मिनिटांनी टाक स्वच्छ पाण्याने धुऊन मऊ सुती वस्त्राने टिपावेत. मुलामा दिलेले, खडे जडविलेले अथवा आत लाख भरलेले देव मात्र या पाण्यात घालू नयेत. ते जाणत्या सोनाराकडेच द्यावेत. एरवी रुपे कोरड्या सुती वस्त्रात, रबर व लोकर यांपासून दूर ठेवावे.

रेषांच्या खोबणीत थोडा काळिमा उरला, तर उरू द्यावा. त्यामुळेच मूर्तीचा उठाव डोळ्यांत भरतो. वाडवडिलांनी ज्या मुखाचे दर्शन घेतले, ते नातवंडांनाही ओळखता यावे, यातच देव उजळण्याचे सार्थक आहे.