सीताबर्डीचा किल्ला नेमका कोणाचा?



चौथीच्या परिसर अभ्यास भाग २ मध्ये शिवनेरी, राजगड, प्रतापगड शिकवून झाले की आमच्या प्रताप नगरातली मुलं हमखास विचारतात, "मॅडम, बर्डीचा किल्ला पण महाराजांचाच आहे न?" मी बरीच वर्षं "नाही रे, तो भोसल्यांचा" असं सांगून पुढच्या पानावर जात होते. ते चूक होतं. टेकडी भोसल्यांची होती, किल्ला नाही. किल्ला बांधला तो भोसल्यांना हरवणाऱ्या इंग्रजांनी.

थोडं मागे जाऊ. नागपूर वसवलं गोंड राजा बख्त बुलंद शाह यांनी, अठराव्या शतकाच्या सुरुवातीला. पुढे गोंड घराण्यात वारसाचं भांडण लागलं, त्यात पहिले रघूजी भोसले मदतीला आले आणि १७४३ पासून कारभार त्यांच्याच हाती गेला. भोसल्यांचा वाडा महालात. सीताबर्डी तेव्हा शहराबाहेर, आणि तिथेच इंग्रजांचा रेसिडेंट राहायचा.

१८१६ मध्ये अप्पासाहेब भोसल्यांनी इंग्रजांशी तैनाती फौजेचा तह केला. पण पुढच्याच वर्षी पेशव्यांचं इंग्रजांशी युद्ध सुरू झालं आणि अप्पासाहेब पेशव्यांच्या बाजूला झुकले. रेसिडेंट जेंकिन्सने लगेच बर्डीच्या दोन्ही टेकड्यांवर फौज चढवली. २६ नोव्हेंबर १८१७ ला संध्याकाळी गोळीबार सुरू झाला. भोसल्यांकडे सुमारे १८ हजार माणसं, इंग्रजांकडे दीड हजारही नाहीत!

हा भाग वर्गात निवांत घ्या. टेबलावर दोन दप्तरं ठेवा, एक मोठं, एक लहान. दुसऱ्या दिवशी सकाळी लहान टेकडीवर इंग्रजांच्या दारूगोळ्याचा स्फोट झाला. त्या गोंधळात भोसल्यांच्या अरब सैनिकांनी ती टेकडी घेतली आणि तिथल्या तोफा मोठ्या टेकडीकडे वळवल्या. इंग्रज जवळजवळ संपलेच होते. तेवढ्यात कॅप्टन फिट्झगेराल्डचं घोडदळ खालच्या मैदानात भोसल्यांच्या फौजेवर तुटून पडलं, लहान टेकडीही परत गेली आणि दुपारपर्यंत लढाई संपली. डिसेंबरात इंग्रजांची आणखी कुमक आली आणि शहरही पडलं.

जानेवारी १८१८ च्या तहात बर्डीच्या टेकड्यांवर तटबंदी करण्याचा हक्क इंग्रजांनी लिहून घेतला. आपण बघतो तो किल्ला त्यानंतरचा. म्हणजे परक्या शत्रूपासून नागपूरला वाचवायला तो बांधलाच नाही. नागपूरवर नजर ठेवायला बांधला. मुलांना हे सांगितलं की वर्ग एकदम शांत होतो, असा माझा अनुभव आहे.

अप्पासाहेबांना नंतर कैद झाली, ते वाटेतून निसटले आणि १८४० मध्ये जोधपूरला वारले. १८५३ मध्ये तिसरे रघूजी पुत्राविना गेले आणि डलहौसीने राज्यच खालसा केलं.

"मग आता कोणाचा?" हा पुढचा प्रश्न ठरलेला. स्वातंत्र्यानंतर किल्ला भारतीय लष्कराकडे आला, म्हणूनच एरवी आत सोडत नाहीत. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट अशा मोजक्या दिवशी तो लोकांसाठी उघडतात. निघण्याआधी त्या वर्षीची खात्री करून घ्या आणि मोठ्यांनी ओळखपत्र जवळ ठेवा. लहान मुलं असतील तर पाण्याची बाटली विसरू नका, चढ आहे. वर पोचल्यावर त्यांना पूर्वेकडे तोंड करून उभं करा आणि महाल कुठे असेल ते शोधायला सांगा.