चिन्हांचें वाचन

नभोवाणीवर फळा नसतो. म्हणून संगणकास दिलेली चिन्हांची आज्ञा श्रोत्यांस ऐकवावयाची, तर तिला बोलीचा पेहराव चढवावा लागतो; आणि घोटाळा होतो तो येथेंच. केनेथ आयव्हर्सन यांनीं १९६२ सालच्या ग्रंथांत मांडलेली व पुढें ‘एपीएल’ या नांवानें रूढ झालेली चिन्हभाषा पाहा.

समजा, मुळशी तालुक्यांतील भुकूम गांवीं सात दिवसांचा पाऊस मोजला व त्या आकड्यांच्या यादीस ‘प’ म्हटलें. त्यांची बेरीज अशी लिहितात: +/प. ‘अधिक, तिरकी रेघ, प’ असें वाचल्यास ऐकणाऱ्याच्या पदरीं कांहींच पडत नाहीं. तिरकी रेघ सांगते, ‘डावीकडचें चिन्ह यादींतील प्रत्येक दोन आकड्यांमध्यें घाला.’ मात्र हीच ओळ उजवीकडून वाचली कीं ‘पावसाच्या आकड्यांची बेरीज करा’ असें सरळ मराठी वाक्य होतें! आपलें क्रियापद शेवटीं येतें ना!

भाषाभिमान्यांनीं यावर फार फुगूं नये. शाळेंत १०−३−२ याचें उत्तर ५ येतें. एपीएलमध्यें उजवीकडची क्रिया आधीं होत असल्यानें ९. तेव्हां वाचावें असें: ‘तिनांतून दोन वजा करून उरेल तें दहांतून वजा करा.’ पांच हवे असल्यास (१०−३)−२ असा कंस हवा. पडद्यावरील मजकूर यंत्राकडून ऐकून काम करणाऱ्या दृष्टिहीन आज्ञालेखकास तो कंस ऐकूं आला नाहीं, तर पांचाचे नऊ होतात, आणि चूक त्याच्या माथीं बसते.