शंभरचे पैसे, बाराचा स्पीड?

गैरसमज : कंपनी १०० एमबीपीएसचे पैसे घेते आणि १२ देते.

ठाण्यात बाळकुम नाक्यापासून ढोकाळीपर्यंत कुठल्याही टॉवरच्या लिफ्टमध्ये ब्रॉडबँडचा विषय काढा, हे वाक्य हमखास ऐकायला मिळतं. १ जून २०२१ पासून गूगल फोटोजची अमर्याद फुकट साठवण बंद झाली आणि अनेकांनी फोटो साठवायला जुन्या लॅपटॉपचा किंवा रास्पबेरी पाय या चिमुकल्या संगणकाचा सर्व्हर करून तो घरीच ठेवला. त्यावर मोठी फाइल उतरवायला लावली, की खिडकीत ‘११.७’ दिसतं आणि कस्टमर केअरशी भांडण सुरू होतं.

वस्तुस्थिती : प्लॅन मेगाबिटमध्ये विकला जातो, डाउनलोडची खिडकी मेगाबाइटमध्ये बोलते. ८ बिटांचा १ बाइट. १०० भागिले ८ म्हणजे १२.५. प्रत्येक पाकिटाबरोबर पत्ता वगैरे मजकूर जातो, तो वजा करा. साडेअकरा ते बारा उरतात. म्हणजे तुम्हाला शंभरच्या शंभर मिळताहेत. तिसरीच्या भागाकाराचं गणित आहे हे, त्यासाठी ग्राहक आयोगाची पायरी चढायची गरज नाही.

खरी पंचाईत याच्या पुढे आहे. रागाच्या भरात माणूस ३०० चा प्लॅन घेतो. फोनवर स्पीड टेस्ट २८० दाखवते, सर्व्हरची खिडकी मात्र ११ मेगाबाइटवरच. ‘बघा, इथेही फसवलं!’ नाही हो. या वेळी कंपनी तीनशे देते आहे, तुमचं घर ते घेत नाहीये. कापूरबावडीला रस्ता कितीही रुंद केला तरी भिवंडीला पोचायचा वेळ कशेळीचा पूल ठरवतो, डाउनलोडचंही तसंच.

हा पूल बहुतेक वेळा लॅनच्या वायरीत किंवा पोर्टमध्ये सापडतो. वायरीवरची टेस्ट कितीही वेळा केली आणि ९४च्या आसपासच अडकली, तर ती लिंक १००वर चालते आहे असं समजा. जुन्या लॅपटॉपांत आणि स्वस्त राउटरांत अनेकदा १००चंच पोर्ट असतं. गिगाबिटला वायरीतल्या चारही जोड्या, म्हणजे आठही तारा लागतात. हे माझं मत नाही, आयट्रिपलईचं ८०२.३एबी हे १९९९ सालचं मानक तसं सांगतं. डक्टमधून आलेल्या वायरीला घाईत चारच तारांचं क्रिम्पिंग केलेलं असेल किंवा एखादी तार सैल असेल, तर उपकरणं तक्रार न करता १००वर उतरतात. इंटरनेट चालूच राहतं, म्हणून कुणाला शंकाही येत नाही.

रास्पबेरी पायच्या बाबतीत मॉडेल बघा. पाय ३बीचं पोर्ट १००चं आहे. ३बी प्लसवर ‘गिगाबिट’ लिहिलेलं असलं तरी ते यूएसबी २.० मधून जातं, त्यामुळे कमाल सुमारे ३००. हे कंपनीच्याच माहितीपत्रकात आहे. पूर्ण गिगाबिट २०१९च्या पाय ४पासून.

आणखी काही समज, थोडक्यात :

‘स्पीड टेस्ट चांगली, म्हणजे सगळं चांगलं.’ टेस्ट जवळच्या सर्व्हरशी एकाच वेळी अनेक जोडण्या उघडते. तुमची फाइल दूर देशातून एकाच जोडणीवर येत असते.

‘वायफायवर फुल काट्या आहेत.’ काट्या सिग्नल दाखवतात, वेग नाही. २.४ गिगाहर्ट्झमध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच : १, ६ आणि ११. टॉवरमधले सगळे शेजारी त्यांतच दाटीवाटीने बसतात. सर्व्हरला वायरच लावा.

‘रात्री कंपनी मुद्दाम स्पीड कापते.’ जीपॉन फायबरवर सुमारे २.५ जीबीपीएस अनेक घरांत वाटले जातात. रात्री सगळे एकदम ऑनलाइन येतात. मोठी डाउनलोडं पहाटे लावा.

‘पावसात फायबर स्लो होतो.’ काचेतल्या प्रकाशाला पाऊस कळत नाही. पाणी शिरतं ते जॉइंटच्या डब्यात.

‘अपलोडचा डाउनलोडशी काय संबंध?’ मिळाल्याची पोच अपलोडनेच जाते. बॅकअपने अपलोड तुंबवला की डाउनलोडही रखडतो. बॅकअपला मर्यादा घाला. शिवाय गावाहून घरच्या सर्व्हरवरचे फोटो बघता, तेव्हा घराचा अपलोड हाच तुमचा डाउनलोड असतो.

‘अनलिमिटेड म्हणजे अनलिमिटेड.’ अनेक प्लॅनमध्ये महिन्याला ३३०० जीबीची अट असते. १०० एमबीपीएसने अखंड उतरवलं, तर ती जेमतेम तीन दिवसांत संपते.

तेव्हा प्लॅन वाढवण्याआधी सर्व्हरच्या नेटवर्क सेटिंगमध्ये ‘लिंक स्पीड’ बघा. तिथे १०० दिसलं तर आधी आठ तारांची चांगली कॅट ५ई वायर लावून पाहा. १००० दिसत असेल, तर आयपर्फ या प्रोग्रामने घरातल्या घरात वेग मोजा आणि डिस्क यूएसबी २.० वर नाही ना, ते तपासा. एवढं करूनही सर्व्हर रखडला तर कंपनीला जरूर फोन करा, पण हातात वायरीवर मोजलेला आकडा ठेवून आणि तो मेगाबिटमध्ये सांगून.