कमी पिष्टाची भाकरी

बीड जिल्ह्यांतील नांदूरघाटकडे रोजचें अन्न म्हणजे ज्वारीची भाकरी. मधुमेह जडलेल्या माणसास पोळी सोडून भाकरी खाण्याचा सल्ला हमखास मिळतो. आणि भाकरीनें साखर वाढतच नाहीं अशा समजुतीनें तो दोन भाकरींच्या जागीं तीन खातो. ज्वारी पौष्टिक आहे यांत संशय नाहीं. परंतु ही समजूत घातक आहे. १०० ग्रॅम ज्वारीच्या पिठांत सुमारें ७० ग्रॅम पिष्टमय द्रव्यें असतात आणि गव्हाच्या पिठांतहि जवळजवळ तितकींच. धान्य बदललें, पिष्टाचा भार बदलला नाहीं.

तो भार हलका करावयाचा तर पीठच कमी केलें पाहिजे. पण मग भाकरी एकसंध राहावी कशी? गव्हांत ग्लुटेन नांवाचें चिवट प्रथिन असतें. बोलोन्याचे बेक्कारी यांनीं अठराव्या शतकांत कणीक पाण्याखालीं धुऊन तें वेगळें केलें. पिष्ट वाहून गेलें व चिकट गोळा हातीं राहिला. पुढें पॅरिसचे डॉक्टर बूशार्दा यांनीं अशा ग्लुटेनचा पाव मधुमेह्यांस देवविला. कारण १९२१ सालीं इन्सुलिनचा शोध लागेपर्यंत पथ्य हाच मुख्य उपाय होता.

ज्वारींत हा चिवटपणा नाहीं. म्हणून गृहिणी आधणाचें पाणी घालून पीठ मळते. उष्णतेनें पिष्ट फुगतें व चिकट होतें. पीठ कमी केलें कीं हा आधारहि कमी पडतो. ती उणीव जवसाची पूड भरून काढते. गरम पाण्यांत ती भिजली कीं तिला बुळबुळीत चीक सुटतो.

ज्वारीचें पीठ ४० ग्रॅम, भाजलेल्या शेंगदाण्यांचें कूट ४० ग्रॅम व जवसाची पूड २० ग्रॅम घ्यावी. कूट तेल सुटेपर्यंत कुटूं नये. पूड १० मिनिटें गरम पाण्यांत भिजवावी, मग पीठ, कूट व मीठ घालून मळावें. भाकरी लहान व किंचित् जाड थापावी आणि मंद आंचेवर भाजावी. दाणा लौकर करपतो. ती फुगणार नाहीं, पण पिष्ट निम्म्याच्या जवळपास उतरेल.

मात्र दाण्यांत तेल फार, म्हणून एका वेळीं एकच पुरे. तसेंच, इन्सुलिन वा गोळ्या घेणाऱ्यानें पिष्ट एकाएकीं घटविल्यास रक्तांतील साखर धोक्याइतकी खालीं जाऊं शकते. त्यानें आधीं डॉक्टरांस विचारावें आणि मगच तवा चुलीवर ठेवावा.